डाव्या चाकाचा सतरावा आरा

शीगोउ, ९ मार्च २००५

गुइझी,

फोन केला की रुइफांग उचलते आणि म्हणते, "बाबा, आई आंघोळीला गेलीय." सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, परवा तर जेवणाच्या वेळेलाही आंघोळ. ताइयुआनमध्ये पाण्याची एवढी चंगळ असेल असं वाटलं नव्हतं. आपली लेक खोटं बोलायला लागली की तिचा आवाज बारीक होतो, हे तिला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. तूही सांगू नकोस.

म्हणून पत्र लिहितोय. पत्राला आंघोळीचं कारण चालत नाही. फाडलंस तरी आधी पाकिटावरचं अक्षर वाचावं लागेल, आणि ते अक्षर तूच मला शिकवलेलं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शेकोटीपाशी बसवून माझ्याकडून गिरवून घ्यायचीस आणि चुकलो की हातावर चॉपस्टिक मारायचीस.

इकडची खबर अशी. खड्ड्यावरचं छप्पर पूर्ण झालं. चारही बाजूंनी काच आणि वरून लाकडी पूल, त्यावरून लोक चालणार आणि खाली आपले सातही रथ बघणार. एक जूनला उद्घाटन आहे. भाजी मंडईचा पाया खणताना घोड्याची कवटी लागली आणि मंडई तीन वर्षं लांबली, म्हणून अख्खं गाव आपल्याला शिव्या देत होतं. आता तीच माणसं 'आमचे रथ, आमचा राजा' म्हणत फिरतायत. पहारेकरी नियू तर असा रुबाबात उभा असतो, की अडीच हजार वर्षांपूर्वी त्या राजाला यानंच मूठमाती दिली असावी.

आपल्या खड्ड्याच्या प्रमुख दौ बाईंनी मला एक काम दिलंय. चौथ्या रथाचं डावं चाक. तुझं चाक. त्यात सतराव्या आऱ्याची जागा रिकामी आहे ती भरून काढायची, त्याच खड्ड्याच्या मातीनं, मूळचाच आरा वाटेल अशी. बाई म्हणाल्या, "सव्वीस आऱ्यांच्या चाकात एक फट दिसली, तर लोक रथ बघायचे सोडून फटच बघत बसतील." मी बरं म्हणालो.

नोव्हेंबरच्या त्या बैठकीत मी तोंड शिवून बसलो म्हणून तू गेलीस, हे मला कळतं. आरा नाहीसा झाला, त्या चाकाच्या नोंदीच्या कागदावर तुझं नाव होतं, आणि बाईंनी तुला खड्ड्यातून काढून खापऱ्या धुवायच्या शेडमध्ये पाठवलं. मी समोरच बसलो होतो. त्याबद्दल मी लिहीन, पण आज नको. आज एवढंच, की बिछान्याची तुझी बाजू मी अजून तशीच मोकळी ठेवतो आणि कडेला आक्रसून झोपतो. उगाच सवय मोडायला नको.

शौली

*

शीगोउ, २७ मार्च

गुइझी,

तुझं उत्तर नाही. मी रागावलेलो नाही. (थोडा रागावलोय.)

कामाची अडचण आहे म्हणून लिहितो, दुसरं काही नाही. आरा जमत नाहीये. तीनदा केला, तीनदा फुटला. खड्ड्यातली करडी माती बारीक चाळून घेतली, शहरातून आलेला डिंक घातला, हातभर लांबीचा आरा वळला आणि मधल्या तुंब्यापासून बाहेरच्या गोल पाट्यापर्यंत नीट बसवला. संध्याकाळी इतका छान दिसतो की मीच फसतो. दुसऱ्या दिवशी बघावं तर मधोमध भेग, आणि कडेला चकाकी. रथाचं लाकूड कुजून त्याची माती झालेली, ती मऊ, अंगात दूध मुरल्यासारखी. शेजारी हा चकचकणारा आरा! नियू म्हणाला, "गंगदादा, हे रथाचं चाक आहे की केकवरची नक्षी?"

तुला ठाऊक आहे, हे काम माझ्या हातचं नाही. लोकांना वाटतं रथ जमिनीतून लाकडाचे निघतात. लाकूड कुठलं! मातीत मातीच शोधायची. भोवतालची भरावाची माती घट्ट, आणि लाकडाच्या जागी उरलेली जराशी भुसभुशीत, जराशी फिकी. बांबूच्या कापटीनं टोकरत जायचं, आणि दोन मातींमध्ये कापटी कुठे थांबते ते बोटांनी ऐकायचं. हे तुला पहिल्याच दिवशी आलं. मला आठ महिने लागले. खड्ड्यात उतरायच्या आधी तू गव्हाचं पीठ मळत होतीस आणि मी ट्रॅक्टर चालवत होतो, त्याचाच हा फरक असेल.

तर तुला काही सुचत असेल तर कळव. डिंकाऐवजी काय?

अजून एक. सांगू की नको, असं चाललं होतं, पण तुला रुइफांगकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. प्रत्येक रथासमोर पाटी लावणार आहेत, त्यावर रथ उघडणाऱ्याचं नाव. चौथ्या रथाच्या पाटीवर माझं नाव आहे. तू मध्येच गेलीस आणि शेवटचे दोन आठवडे मी काम केलं, म्हणून. शिवाय बाईंनी माझं नाव वरिष्ठ तंत्रज्ञ म्हणून प्रांताकडे पाठवलंय. आपल्या गावात आजवर कुणाला ते सर्टिफिकेट मिळालेलं नाही. हे वाचून तुझ्या भुवया कुठवर चढल्या असतील ते मला इथून दिसतंय.

मी नको म्हणालो नाही. लिहायला लाज वाटते, पण नाही म्हणालो.

अंगणातल्या शियांगचुनच्या झाडाला पालवी फुटली आहे. अंड्यात घालून खाल्ली. एकट्यानं खाल्ली की तिची चव गवतासारखी लागते.

शौली

*

शीगोउ, ६ एप्रिल

माझे लाडके गुइझी,

आली! तू पाठवलेली व्हिनेगरची बाटली आली, आणि बाटलीभोवती गुंडाळलेल्या वर्तमानपत्रात तुझी चिठ्ठी. 'डिंक नको. चिकट तांदळाची पेज घाल.' ना मायना, ना सही. मी ती चिठ्ठी पोस्टातच उभ्या उभ्या वाचली आणि पोस्टातल्या बाईला म्हणालो, "माझ्या बायकोचं पत्र आहे." ती म्हणाली, "काय लिहिलंय?" मी म्हणालो, "खूप काही."

काल चिंगमिंग होता, पितरांचा दिवस. आधी तुझ्या आईवडिलांच्या थडग्यावर गेलो, मग माझ्या. तुझ्या आईच्या थडग्यावर रानटी कोथिंबीर माजली होती, ती उपटली. कागदी नोटा जाळल्या, वाफेवरचे चार पाव ठेवले. तुझ्या वडिलांसमोर दारू ओतली तेव्हा थोडी मीही घेतली; त्यांना एकट्यानं प्यायला कधीच आवडत नसे. "तुमची लेक ताइयुआनला गेलीय," असं सांगितलं. "का गेली?" असं त्यांनी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, त्याचा विचार करत घरी आलो. तुझा बाप मेला तरी त्याची मला धास्ती आहे.

पेज करून बघतोय. तांदूळ किती वेळ शिजवायचा, ते चिठ्ठीत नव्हतं. मुद्दामच नसेल लिहिलंस, म्हणजे मी पुन्हा विचारीन.

विचारतो. किती वेळ?

तुझाच,
शौली

*

शीगोउ, २५ एप्रिल

गुइझी,

आरा झाला.

पेज दोन तास शिजवायची, गाळायची आणि मातीत घालताना हाताला गार लागली पाहिजे. शेवटी हे मी स्वतःच शोधलं, कारण कुणीतरी पुन्हा आंघोळीला गेलं होतं. नऊ दिवस झाले, एकही भेग नाही. रंग इतका जुळलाय की दौ बाई पुलावरून मोजत बसल्या: पंधरा, सोळा, सतरा, अठरा. म्हणाल्या, "गंग, मला कळत नाहीये कुठला तुमचा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नियूनं पाठ थोपटली.

आणि मी टाळ्या संपायच्या आत तिथून निघालो.

कारण आता कुणालाच काही दिसणार नाही. इतके दिवस ती फट होती. मी रोज सकाळी पाण्याचा फवारा मारायला खाली उतरायचो (माती वाळली की फुटते, ओली राहिली की बुरशी धरते, तेव्हा दिवसातून दोनदा), आणि ती फट माझ्याकडे बघायची. आता ती बुजली. म्हणजे मी केलेलं कायमचं बुजलं, आणि तुझ्या कागदावर मात्र 'निष्काळजीपणे आरा नष्ट केला' हे तसंच राहिलं. तो कागद कपाटात आहे. पुढच्या शंभर वर्षांत जो कुणी ते कपाट उघडेल त्याला तू निष्काळजी म्हणून कळशील. तू! जी घोड्यांच्या बरगड्या झाडताना त्यांना 'जरा सरक बाळा' म्हणायचीस.

म्हणून आता लिहितो. तुला ठाऊकच आहे, पण मी माझ्या हातानं एकदाही लिहिलेलं नाही आणि तोंडानंही बोललेलो नाही.

चौदा नोव्हेंबर. दुपारचे बारा. तू डबा आणायला वर गेलीस. शेजारच्या रथाचं माझं चाक झालं होतं, म्हणून मी तुझ्या जागी येऊन बसलो. तुझी कापटी उचलली. सोळावा आरा तू उघडला होतास. त्याच्या खाली मला भुसभुशीत मातीची पट्टी लागली, बोटभर रुंद, थोडी तिरकी. मला वाटलं उंदराचं बीळ. त्या खड्ड्यात बिळं कमी नव्हती. पहिल्या रथाच्या पेटीतून उंदरांनी आरपार बोगदा काढला होता, तुला आठवतं. बिळातली माती आधी साफ करायची, नाहीतर बाजूची घसरते, असा आपला नियम. मी साफ केली. खुशीत, शीळ घालत साफ केली. हातभर गेलो, आणि टोकाला पाट्याचा लाल रंग दिसला. मग कळलं की बीळ नव्हतं. सतरावा आरा होता. जमिनीच्या दाबानं जरा तिरका झाला होता, एवढंच. तो मी टोकरून घमेल्यात टाकला होता.

तू डबा घेऊन आलीस तेव्हा मी माझ्या जागी जाऊन बसलो होतो. तू चाकाकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. मग नूडल वाढलेस. त्या दिवशी तू लसूण दोन पाकळ्या जास्त दिलास, मी तो खाल्ला, आणि काही बोललो नाही.

चार दिवसांनी बैठक झाली. बाईंनी विचारलं, "डावं चाक कुणाचं?" एका चाकाचा एक कागद आणि कागदावर एकच नाव, हा नियम. तू म्हणालीस, "माझं." बाई म्हणाल्या, "मग आरा कुठे गेला?" तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघितलंस! आणि मी मूग गिळून बसलो. मला वाटलं, कागदावर नाव आहे, कागदच बोलला. आता मी बोललो तर दोघांचंही काम जाईल. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण तेवढं शहाणं नव्हतं. मी घाबरलो होतो, गुइझी. दहा माणसांसमोर.

एकतीस वर्षांत मी तुझ्या वाट्याचं काही खाल्लं नव्हतं. हे खाल्लं.

आता काय करायचं ते मला ठाऊक आहे. एवढं लिहिलं, तरी थोडं हलकं वाटतंय.

शौली

*

शीगोउ, १५ मे

गुइझी,

केलं. ऐक.

परवा प्रांताचे मोठे साहेब बघायला आले. सोबत सहा जण आणि एक फोटोवाला. पुलावरून चालत चौथ्या रथापाशी आले. साहेब म्हणाले, "वा! काय चाक आहे! एकही आरा कमी नाही." दौ बाईंनी मला पुढे केलं. "हे गंग शौली. हा रथ यांनी उघडला."

मी तिथवर ठरवून आलो होतो, दोन दिवस गोठ्यात उभा राहून बकरीसमोर वाक्यं म्हणत होतो, पण त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. जे निघालं ते असं: "साहेब, हा रथ माझ्या बायकोनं उघडला. मी फक्त त्यातला एक आरा खाल्ला."

सगळे हसले. त्यांना वाटलं गावाकडचा विनोद आहे. साहेब म्हणाले, "खाल्ला म्हणजे?"

"उंदराचं बीळ समजून टोकरून टाकला. तो सतरावा दिसतोय ना, तो मीच केलाय. तांदळाच्या पेजेचा. पेजेची युक्तीसुद्धा बायकोचीच. ती त्या वेळी डबा आणायला गेली होती. तिनं काहीही केलेलं नाही, आणि कागदावर तिचं नाव आहे."

आता कुणी हसेना. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. दौ बाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं आत्ताच्या आत्ता मला खड्ड्यात घोड्यांशेजारी झोपवतील. साहेबांना त्यांनी गोड बोलून पाचव्या रथाकडे नेलं. मी तिथेच उभा. नियू हळूच येऊन म्हणाला, "गंगदादा, तुला वेड लागलंय का? पंधरा दिवस थांबायचं होतंस, सर्टिफिकेट तरी हातात पडलं असतं!"

साहेब गेल्यावर बाई आल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"सहा महिने, गंग. सहा महिने का गप्प बसलात?"

"बाई, तुम्ही विचारलंत 'चाक कुणाचं'. चाक तिचंच होतं. हात कुणाचा, असं तुम्ही विचारलं नाहीत."

"म्हणजे चूक माझी?"

"नाही. चूक माझीच. पण तुम्ही विचारलं नाहीत, त्याचा मला आधार मिळाला."

बाई वळून खाली चाकाकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "मी कागद वाचला आणि माणसाला विचारायचं राहून गेलं. तिनंही एक अक्षर उच्चारलं नाही. मला वाटलं, गप्प आहे म्हणजे कबूल आहे." आणि मग, "तो आरा काढा. तुम्हीच काढा."

मी खाली उतरलो आणि महिनाभर खपून केलेला तो आरा अर्ध्या तासात काढून टाकला. हाताला काही वाटलं नाही, गंमत आहे. पुलावरून बाई बघत होत्या. फट पुन्हा दिसायला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे अशीच. लोकांना कळू दे, रथ उघडताना असंही होतं."

सर्टिफिकेट गेलं. खड्ड्यातलं काम गेलं. उद्यापासून मी शेडमध्ये, खापऱ्या धुवायला.

तुझ्या कागदावरची ओळ बाईंनी माझ्यादेखत खोडली आणि खाली सही केली. मी म्हणालो, "शिक्काही मारा." मारला.

तुझा बाप आज असता तर त्याच्याकडे मान वर करून बघितलं असतं. थोडीशी.

शौली

*

शीगोउ, २८ मे

गुइझी,

शेडमधून लिहितोय. हात सुरकुतलेत, अक्षर वाकडं येईल, चॉपस्टिक मारू नकोस.

शेडमधलं पाणी एवढं गार असतं, हे तू कधी बोलली नाहीस. मेमध्ये हे हाल, तर तू नोव्हेंबरमध्ये आठ दिवस त्यात हात घालून बसली होतीस. संध्याकाळी घरी येऊन त्याच हातांनी पीठ मळायचीस. मी जेवायचो आणि म्हणायचो, "आज नूडल जरा जाड झालेत." माझं थोबाड कुणीतरी रंगवायला हवं होतं.

पण इथे बरं आहे. शेजारी बसणाऱ्या बायका तुझी आठवण काढतात. पहिल्या दिवशी सगळ्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यातली म्हातारी म्हणाली, "आलास का? उशीर केलास," आणि बसायला पोतं दिलं. आता दिवसभर मला टोमणे मारतात. "बघ रे, ती खापरी खाऊ नकोस!" माझं मन रमतं.

काल उद्घाटनाआधी गावकऱ्यांना आत सोडलं. पुलावर ही गर्दी. मी मागे उभा होतो. चौथ्या रथापाशी आले की सगळे थांबतात, वाकतात, फट शोधतात, मग पाटी वाचतात. बाई बरोबरच म्हणाल्या होत्या, लोक फटच बघतात. पण वाचून झालं की खड्ड्याकडे नव्यानं बघतात, अंमळ जपून. मंडईवरून सगळ्यात जास्त शिव्या देणारा तो कोबीवाला पोरीला म्हणत होता, "बघ, हे सगळं मातीतून माती काढून केलंय. एवढं बारीक काम. चुकणारच माणूस."

पाटी अशी आहे, शब्द न् शब्द उतरवून काढलाय: 'चौथा रथ. उघडला: शिंग गुइझी. डाव्या चाकाचा सतरावा आरा उत्खननात नष्ट झाला: गंग शौली.' तुझं नाव वर आहे, मोठ्या अक्षरांत. मी रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघून येतो. एकतीस वर्षांत आपली दोघांची नावं कुठे एकत्र लिहिली गेली ती फक्त लग्नाच्या दाखल्यावर. ही दुसरी वेळ. दाखल्यापेक्षा ही खरी वाटते.

ये असं म्हणत नाही. मला म्हणायचा हक्क उरला नाही, आणि रुइफांगला तुझी गरज असेल. फक्त एवढं म्हणतो की गहू पिवळा झालाय, सगळं काम आता तुझ्या नावावर आहे, आणि मी तुझ्यावाचून फार वाईट जगतोय. जेवतो, झोपतो, हसतोसुद्धा. तरीही वाईट.

तुझा,
शौली

*

ताइयुआन, ३ जून २००५

म्हाताऱ्या,

तुझी सगळी पत्रं मिळाली. आंघोळीला जाताना वाचली.

तू सगळं लिहिलंस. शीळ घालत होतास तेही लिहिलंस, लसणाच्या पाकळ्या मोजून लिहिल्यास. रडले मी. रुइफांगनं विचारलं तर कांदा म्हणाले. पण सहा पत्रांत एक गोष्ट तू एकदाही लिहिली नाहीस. आणि रुइफांगनं नियूला फोन करून सगळं विचारलं, तर पुलावर त्या साहेबांपुढेही तू ती बोलला नाहीस.

मी डबा आणायला उठले तेव्हा सोळाव्या आऱ्याखाली कापटी आपटून तुला म्हणाले होते, "हे उंदराचं आहे. साफ करून ठेव."

तू विसरलास असं मला सांगू नकोस. माझी चॉपस्टिक लागलेली जागा तुला अजून आठवते.

हात तुझा होता. नजर माझी. गावात सगळ्यात चांगली नजर म्हणून ज्या बाईचं कौतुक करतोस ना, तिला आरा उंदराचं बीळ दिसला. बैठकीत मी तुझ्याकडे बघत होते ते एवढ्यासाठीच. वाटलं, हा उठला की मीही उठेन. दोघं मिळून सांगू, दोघं मिळून शिव्या खाऊ, आणि घरी जाऊन हसू. तू उठला नाहीस. मग मीही हट्टाला पेटले. मला शेडचा राग नव्हता. पाण्याचाही नाही. त्या खोलीत मी एकटी पडले, त्याचा होता.

आणि आता तू काय केलंस? सगळं एकट्यानं स्वतःवर घेऊन बसलास, मला वर मोठ्या अक्षरांत बसवलंस आणि तिथे टोमणे खात एकटा उभा राहिलास. म्हणजे पुन्हा तेच. तू तिकडे, मी इकडे.

दौ बाईंकडे जा. त्यांना सांग, आरा नष्ट झाला त्या ओळीत दोन नावं लिहायची. आधी तुझं लिहिलं तरी चालेल.

मी अकरा तारखेला पोचते. सामान जास्त आहे, बस स्टँडवर ये. तिथून आधी खड्ड्यावर जाऊ. पाटीवर एकच नाव दिसलं, तर मी त्याच बसनं परत फिरणार, आणि मग तू आहेस आणि ती बकरी आहे.

गुइझी